दारिद्र्याची वाढीव शिक्षा

अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याला कठोर शासन व्हावे, याविषयी समाजवादी कार्यकर्त्यांत दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की ही कठोरता प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला येते?

मध्य प्रदेशातील एक अपील 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढले. आरोपीला 10 वर्षे सक्तमजुरी, 1 लाख रुपये दंड आणि दंड न भरल्यास आणखी 3 वर्षे कैद अशी शिक्षा झाली होती. आरोपी अत्यंत गरीब आहे, केवळ माल वाहून नेणारा आहे आणि हा त्याचा पहिलाच गुन्हा आहे, अशी बाजू त्याच्या वतीने मांडण्यात आली. 10 वर्षांची सक्तमजुरी व 1 लाखाचा दंड ही कायद्याने ठरविलेली किमान मर्यादा. तिला हात लावणे न्यायालयाला शक्य नव्हते. दंडाऐवजी भोगावयाची कैद मात्र 3 वर्षांवरून 6 महिन्यांवर आणण्यात आली. दया दाखविण्यास कायद्याने एवढीच फट ठेवली होती.

1985 च्या या कायद्यात 2001 साली दुरुस्ती होऊन मालाच्या वजनानुसार शिक्षेचे टप्पे पडले. ही सुधारणाच होती. परंतु हेरॉइन 250 ग्रॅमहून किंवा गांजा 20 किलोहून अधिक सापडला की 10 ते 20 वर्षांची कैद अटळ असते. किमान शिक्षेहून अधिक शिक्षा देताना कोणत्या बाबी विचारात घ्याव्यात, हे कायदा सांगतो. किमान शिक्षेखाली उतरण्याचा मार्ग तो ठेवत नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात 16 वर्षांची शिक्षा 12 वर्षांवर आणली. मालक असो वा हमाल, अपिलाची धाव 10 वर्षांच्या भिंतीपर्यंतच. त्यातच या कायद्याखालील कैद्याला शिक्षेत माफीही मिळत नाही.

म्हणजे न्यायाधीशाने तराजू पाहावा, माणूस पाहू नये, असाच याचा अर्थ होतो. या धंद्यातही श्रमविभागणी आहे. भांडवल व नफा एकाचा, पकडले जाण्याचा धोका दुसऱ्याचा. 1 लाखाचा दंड मालकाला किरकोळ खर्च वाटतो; मजुराला तो वर्षानुवर्षांच्या कमाईएवढा असतो. दंड समान दिसतो, पण तो न भरता आल्याने होणारी कैद ही गुन्ह्याची नव्हे, दारिद्र्याची शिक्षा होय.

सवलत दिली तर टोळ्या गरिबांनाच पुढे करतील, असा आक्षेप घेतला जाईल. त्या आजही तेच करीत आहेत. कठोर किमान शिक्षेने ते थांबलेले नाही.

म्हणून संसदेकडे दोन मागण्या केल्या पाहिजेत. पहिला गुन्हा व दुय्यम भूमिका असेल तेथे कारणे नोंदवून किमान शिक्षेखाली जाण्याचा अधिकार न्यायालयाला असावा. आणि दंड आरोपीची ऐपत पाहून ठरावा. तोवर कार्यकर्त्यांनी तुरुंगातील गरीब कैद्यांपर्यंत मोफत कायदेविषयक मदत पोहोचवावी आणि दंडाऐवजीची कैद कमी करण्याचा मुद्दा प्रत्येक अपिलात घेतला जाईल, हे पाहावे. न्याय सर्वांना समान असावा हे खरे. पण विषमांना समान मापाने तोलणे म्हणजे न्याय नव्हे.