मोळीखालचा कणा

दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर या कोरडवाहू तालुक्यांतून मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, साखर कारखान्यांची वाट धरतात आणि हंगाम संपवून परतताना मानेचे व कमरेचे दुखणे बरोबर आणतात. परंतु ही दोन्ही दुखणी एकाच कण्याची आहेत, असे मानून त्यांवर उपचार झालेला क्वचितच दिसतो.

डोकी सेंटरवरच्या, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहून गाडी भरणाऱ्या, बाईचे काम जवळून पाहावे. कमरेत वाकून आणि मान झुकवून तोडलेल्या उसाची मोळी चुंबळीवर घेऊन, तिरप्या फळीवरून ती गाडीवर चढते, तेव्हा मस्तक धडाच्या थेट वर राखते. कारण ते तसूभर पुढे गेले, तरी मानेच्या मागील स्नायूंवरचा ताण तत्काळ वाढतो. हा समतोल एकट्या मानेचा नव्हे. पाठीच्या व पोटाच्या स्नायूंची धारणशक्ती संपली की पाठीला पोक येते, आणि समोरचे दिसावे म्हणून मान पुढे काढून वर उचलावी लागते. मोळी उतरल्यावरही सुमारे ५ किलोचे मस्तक त्याच थकल्या कण्याने पेलावयाचे असते.

ही धारणशक्ती मोजावयास यंत्र लागत नाही. डेन्मार्कच्या बिअरिंग-सोरेन्सेन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसाला पालथे निजवून, पाय बांधून, कमरेवरचे धड अधांतरी किती वेळ धरता येते हे पाहिले, आणि ज्या पुरुषांची धारणशक्ती अल्प होती त्यांना वर्षभरात प्रथमच कंबरदुखी जडण्याचा संभव अधिक आढळला. गरोदर स्त्रिया वगळता ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही हंगामापूर्वी करता येईल.

मात्र तपासणीनंतर व्यायामाचा कागद हाती देऊन मोकळे होणे मला निर्दयपणाचे वाटते. दिवसभर ऊस तोडून रात्री गाडी भरणाऱ्या बाईचे स्नायू आळसाने दुबळे झालेले नाहीत. त्यांना विसावा हवा, आणि ओझे हलके हवे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने इजा होईल इतके ओझे कामगाराकडून वाहवून घेण्यास मनाई केली, परंतु तिचा अंमल कारखान्याच्या फाटकाआतच होता. फडातल्या मोळीला ती लागू नव्हती. २०१९ साली बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तशीच निकड या कण्याचीही मानली पाहिजे. कारखान्यांच्या संचालकांनी आणि ऊसतोड कामगार महामंडळाने पुढील हंगामाच्या करारात दरापाठोपाठ मोळीच्या वजनाची कमाल मर्यादा लिहून घ्यावी.