अंगणवाडीचे आठ रुपये

जून २०२४ मध्ये बंगळुरूत अंगणवाडी सेविकांनी आंदोलन केले, ते केवळ मानधनासाठी नव्हते. कल्याण कर्नाटकातील सरकारी शाळांत एलकेजी-यूकेजीचे वर्ग उघडण्याचे ठरले होते. तीन ते सहा वर्षांची मुले शाळेत गेली, तर अंगणवाडीत उरणार कोण, असा त्यांचा प्रश्न होता. पालकांना दोष देता येणार नाही. मोलमजुरी करणाऱ्या आईलाही मुलाच्या पाठीवर दप्तर हवे असते. पण पट घटला की तरतूद घटवण्यास आयते निमित्त मिळते आणि त्याची झळ तीन वर्षांखालील बालकांना व गरोदर स्त्रियांना बसते.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपुरा हा त्यांपैकी एक. (मुलांच्या अंगणात शाळा नेण्याची कल्पना ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी परिसरात त्याआधीच रुजवली होती.) अशी योजना कोणतेही सरकार उघडपणे बंद करत नाही. प्रशासनात हयात घालवलेल्या माणसाला ठाऊक असते, की योजना मोडीत काढणारी फाईल क्वचितच निघते. दर सुधारण्याची फाईल मात्र ‘चर्चा करावी’ या शेऱ्यासह कपाटात पडून राहते.

२०१५ मध्ये चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केला. तेच कारण पुढे करून केंद्राने या योजनेची तरतूद सुमारे १८ हजार कोटींवरून ८ हजार कोटींच्या आसपास आणली. खुद्द तत्कालीन मंत्री मनेका गांधी यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, तेव्हा वर्षअखेरीस काही रक्कम परत मिळाली.

तो घाव निदान दिसला तरी. त्यानंतरचा दिसत नाही. पूरक आहारासाठी बालकामागे दिवसाला ८ रुपये हा निकष २०१७ मध्ये ठरला. तो वाढवण्याचे आश्वासन मिळाले थेट फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात. दरम्यान डाळ आणि तेल कुठे पोहोचले, हे सांगायला नको. सेविकेच्या मानधनाचा केंद्रीय निकष २०१८ मध्ये ४,५०० रुपये झाला आणि तिथेच थांबला. वरची भर राज्याने घालायची; म्हणजे ज्या राज्याची तिजोरी रिकामी, तिथल्या बालकाचे ताटही रिकामे.

आहाराचा दर महागाई निर्देशांकाशी कायमचा जोडावा आणि पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी प्रत्येक अंगणवाडीत दुसरी सेविका नेमावी. त्याचा खर्च केंद्र व राज्य यांनी कसा वाटून घ्यायचा, हे सोळाव्या वित्त आयोगाच्या काळात लेखी ठरले पाहिजे.