कडीचे पैसे कोण देणार?



चातुर्मास सुरू झाला की महिला मंडळात शिल्लक रकमेचं काय करायचं हा विषय निघतोच. या वर्षी दोन सूचना आल्या आहेत. एक, एखाद्या कॉलेजला संगणक कक्षासाठी मोठी देणगी द्यायची. दुसरी, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करायचा. दोन्हींना माझा विरोध नाही. पण माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते बैठकीत नीट मांडता येत नाही, कारण तेवढ्यात चहा येतो आणि विषय बदलतो. म्हणून इथे लिहिते. कॉलेजच्या मुलामुलींना पाच-पाच हजारांच्या लहान रकमा द्याव्यात. त्यांचं मन आणि तब्येत ठीक राहावी म्हणून त्यांनी स्वतः सुचवलेल्या कामांसाठी द्याव्यात, आणि बदल्यात नावाची पाटी मागू नये.

आधी आकडा सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपला जीव संपवला. त्यात सर्वात जास्त आपल्या महाराष्ट्रातले, १,७६४. भागाकार केला तर रोज जवळजवळ पाच. बी.कॉम.ला असताना आकड्यांची भीती गेली ती गेलीच, पण हा आकडा वाचून मी वही मिटून ठेवली होती. या पाचांतलं रोजचं एखादं लेकरू तरी कुणाच्या तरी शेजारचं, कुणाच्या तरी गावचं असतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या दुःखाला पाच हजार रुपये काय पुरणार? थांबा, सांगते.

विद्यार्थ्यांसाठी लहान रकमा देण्याची पद्धत आपल्याकडे नवीन नाही. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे मुलं ज्याला एन.एस.एस. म्हणतात ती, २४ सप्टेंबर १९६९ रोजी गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तिच्यात कितीतरी वर्षं एका स्वयंसेवकामागे वर्षाला २५० रुपये आणि सात दिवसांच्या खास शिबिरासाठी ४५० रुपये असा दर होता. शिबिराच्या दराला सातने भागून पाहा. दिवसाला चौसष्ट रुपये. त्यात मुलाचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, शिवाय कुदळी-घमेली आणि मागे लावायचा बॅनर. घर चालवणारी बाई हे गणित ऐकून हसेल. तरीही त्या पैशांत हजारो गावांत बंधारे झाले, रस्ते झाले. मुख्य म्हणजे आठ दिवस घराबाहेर एकत्र राहून मुलांच्या मैत्र्या झाल्या, आणि त्या मैत्र्यांची किंमत कुठल्याच हिशेबात धरलेली नाही.

आपला सिंधुदुर्ग मुंबई विद्यापीठात येतो. या विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागात मुलं वेगवेगळे प्रकल्प करतात. त्यात अन्नपूर्णा योजना आहे, तिच्यात खाद्यपदार्थांचे स्टॉल लावून मुलं व्यवसाय शिकतात. स्त्रियांच्या परिस्थितीचं सर्वेक्षणही आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात निर्भय कन्या अभियान आहे, त्यातून कॉलेजांना मुलींच्या शिबिरांसाठी थोडे थोडे पैसे मिळतात. शिवाय २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ असायलाच हवं. म्हणजे भांडी आहेत, चूलही आहे.

मग अडतं कुठे? माझ्या मते इथे: काय रांधायचं ते वरून ठरतं. विषय वरून येतो, तारीख वरून येते, अहवालाचा नमुनाही वरूनच येतो. मुलं ते राबवतात, कारण त्यातून दहा वाढीव गुण मिळतात. गुणांना माझी हरकत नाही, पोरांना ते हवेच असतात. पण ज्या कामाला गुण आहेत त्या कामात मूल खरं बोलत नाही. "मला रात्री झोप येत नाही" हे वाक्य गुणांच्या वहीत कोण लिहील?

अमेरिकेत बोस्टनजवळ एम.आय.टी. नावाची मोठी तंत्रशिक्षण संस्था आहे. तिथे २०१५ मध्ये 'माइंडहँडहार्ट' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात एक लहानसा निधी होता आणि विद्यार्थ्यांनी व कर्मचाऱ्यांनी स्वतः कल्पना मांडून त्यातून पैसे मागायचे, मन, स्वास्थ्य, आपलेपणा वाढेल अशा कामासाठी. एवढी हुशार, एवढी श्रीमंत संस्था. पण मुलांना काय हवं ते आपल्याला कळत नाही, त्यांनाच विचारू या, हे तिथल्या मोठ्यांनी मान्य केलं. मला त्यातलं हेच आवडलं. पैसा आपल्याकडेही निघतो, हा नम्रपणा मात्र निघत नाही.

आता कडीची गोष्ट. माझ्याकडे अकाउंट्स शिकायला येणाऱ्या मुली आहेत. आमच्या दुकानाची किर्द-खतावणी मी चाळीस वर्षं लिहिली, त्या भांडवलावर ही शिकवणी चालते, फी नाही. त्यातली एक मुलगी उन्हाळ्यात दोनदा चक्कर येऊन बसली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर घोटभरच प्याली. मला वाटलं उपवास. तर म्हणाली, "काकी, कॉलेजात दिवसभर पाणी पिऊचाच नाय, मगे जावचा लागना नाय." कॉलेजातल्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती. एकीने दार धरून उभं राहायचं, दुसरीने आत जायचं. ज्यांची मैत्रीण त्या दिवशी आली नसेल त्यांनी जायचंच नाही. सकाळी सहाच्या एस.टी.ने निघालेली मुलगी दुपारी दोनला घरी पोचेपर्यंत तशीच. आणि त्याच कॉलेजात एका दात्यांनी दिलेलं थंड पाण्याचं यंत्र आहे, वर संगमरवरी पाटी आहे, पाटीवर त्यांच्या तीन पिढ्यांची नावं आहेत.

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. ते कुठलंही असू शकतं. दात्यांची भावनाही चांगलीच होती. पण त्या मुलींना कुणी विचारलं असतं तर त्यांनी दीडशे रुपयांची कडी मागितली असती, सुताराची मजुरी वेगळी. कार्यालयात हे सांगायला मुली लाजत होत्या. सांगितलं असतं तरी दुरुस्तीचा अर्ज कुठल्या खात्यात घालायचा इथपासून सुरुवात. लहान गरजेला आपल्याकडे खातं नसतं, ही माझी जुनी तक्रार आहे. मोठ्या खर्चाला ठराव होतो, किरकोळ खर्च 'बघू' मध्ये जातो.

तुम्ही विचाराल, कडीचा आणि मनाचा काय संबंध? दिवसभर तहानलेली, लाजेने आखडून बसलेली मुलगी वर्गात काय ऐकत असेल सांगा. मनाचं आरोग्य म्हणजे फक्त डॉक्टरांपुढे बसणं नव्हे. वेळेवर खाल्लेली भाकरी, लागणारी कडी, शेजारी बसणारी मैत्रीण, हे सगळं त्यातच येतं.

आपल्या किनाऱ्याच्या अडचणी तर मुंबईत बसून कुणाला दिसणारच नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मे संपताना सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या थांबतात, पर्यटक जातात, खानावळी रिकाम्या होतात. आणि नेमक्या याच दिवसांत कॉलेजचे प्रवेश, फी, पुस्तकं, पास. होडी ओढून ठेवलेल्या घरातला मुलगा जून महिन्यात बापाकडे पैसे मागताना कसा दिसतो ते मी दुकानाच्या गल्ल्यावरून पाहिलेलं आहे. अशा वेळी मुलांनीच जुन्या पुस्तकांची पेढी काढली तर? वरच्या वर्गाने पुस्तकं जमा करायची, खालच्याने न्यायची, फाटली तर बांधून घ्यायची. कपाट, वही, बांधणावळ, पाच हजारांत बसतं. मग पुस्तक उसनं घेणं ही गरिबाची गोष्ट राहत नाही, सगळेच घेतात.

दुसरी अडचण बोलीची. आचरा, मसुरे, देवबागकडून येणारं मूल घरी मालवणीत बोलतं, वर्गात प्रमाण मराठीत आणि पुढे इंग्रजीत परीक्षा. तोंड उघडलं की कुणीतरी हसेल या भीतीने ते गप्प होतं, आणि ही गप्प राहण्याची सवय नंतर फार जड जाते. आपल्याकडे दशावतार आहे. ठरलेली संहिता नसताना पात्रं रात्रभर बोलतात. मुलांनी नापास होण्यावर, मोबाइलवर, घरच्या अपेक्षांवर मालवणीत तासाभराचा दशावतार बसवला तर पोशाखाचं भाडं आणि पेटी-मृदंगवाल्यांचं मानधन, एवढाच खर्च. सत्काराच्या शाली-श्रीफळाला त्याहून जास्त लागतात.

अर्थात ही माझी कल्पना झाली, आणि मुलांऐवजी मीच ठरवायला लागले की माझ्या म्हणण्याला अर्थ उरणार नाही. त्यांना सकाळचे पोहे हवे असतील, कॅरम हवा असेल. द्यावा.

आपल्या समाजातल्या बायकांना हे शिकवायची खरं तर गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले, कुंभोजचे. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, जिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवायची. लक्ष्मीबाई त्या मुलांच्या आई झाल्या. धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. माझं माहेर कोल्हापूरकडचं, त्यामुळे ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, आणि दरवेळी ऐकणारे त्यागाबद्दलच बोलतात. मला दुसरंच दिसतं. लक्ष्मीबाई रोज त्या मुलांच्या ताटासमोर उभ्या होत्या, म्हणून आज काय संपलं आहे हे त्यांना त्याच दिवशी कळत होतं. रयतेच्या मुष्टिफंडातही तसंच. घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढायचं. मूठ लहान असते म्हणून ती रोज निघते.

मंगळसूत्र विकायला मी कुणाला सांगत नाही हो. पंचकल्याणकातल्या एका सवालाला आपण बोलतो त्याचा दहावा हिस्सा पुरेल. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आपण मनापासून करतो. चौथं अभयदान म्हटलं की पिंजऱ्यातले पक्षी आणि पांजरपोळ आठवतो. घाबरलेलं माणसाचं लेकरूही त्यात बसतं, असं मला वाटतं.

एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहिते. कडी, पुस्तकं, दशावतार यांनी आजारी मन बरं होत नाही. त्याला जाणकार माणूसच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सांगितलं आहे की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे. आपल्या मुला-नातवंडांच्या कॉलेजात तो आहे का, आठवड्यातून किती तास बसतो, त्याच्या खोलीला दार आहे का, हे पालक म्हणून जाऊन विचारा. तो खर्च संस्थेचा आहे. आपल्या पाच हजारांच्या आड लपून कुणी तो टाळता कामा नये. आणि सरकारची टेली-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६, फुकट, रात्रीबेरात्रीही लागते, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा. घरात मूल नसलं तरी शेजारी असतं.

पण समुपदेशकाच्या दारापर्यंत मूल पोचतं ते बहुतेक वेळा मैत्रिणीचा हात धरून. ती मैत्रीण जुळायला जागा लागते, निमित्त लागतं. लहान रक्कम त्या निमित्ताची आहे.

राहिला हिशेब, बैठकीत सगळ्यात आधी तोच निघेल. पाच हजारांसाठी तीन कोटेशन, उपयोगिता प्रमाणपत्र, प्राचार्यांची सही, सोबत आठ फोटो, असं करायचं असेल तर न दिलेलं बरं. तेवढ्या कागदांना लागणारा मुलांचा वेळ पाच हजारांहून महाग आहे. माझी सूचना अशी. निदान चार मुलामुलींनी मिळून एक पानी अर्ज करायचा: काय अडतं, काय करणार, किती लागतील. मालवणीत लिहिला तरी चालेल. एका शिक्षिकेने तो वाचला असं लिहून सही करायची, परवानगी म्हणून नाही, माहीत असावं म्हणून. पैसे दोन हप्त्यांत. पावत्या एका पाकिटात घालून वर्षाअखेर आणून द्यायच्या, आणि सोबत अर्धं पान, काय जमलं नाही ते. जमलं नाही म्हणून पैसे परत मागायचे नाहीत. दहा अर्जांतले चार फसतील. दुकानात उधारी याहून जास्त बुडते.

पहिल्या वर्षी चार अर्ज मंजूर केले तर वीस हजार होतात. मंडळाच्या शिल्लकीत ते बसतात, मी पासबुक पाहिलं आहे. मुलांची नावं आपण कुठे छापायची नाहीत, आपलीही नाहीत. पाकिटं माझ्याकडे द्या, जमाखर्च मी लिहीन.