राजधानीला नगरसेवक नाहीत

सप्टेंबर 2024 मध्ये पोप फ्रान्सिस पूर्व तिमोरला आले. राजधानी दिलीच्या पश्चिम टोकाला, तासीतोलूच्या मैदानावर, त्यांच्या प्रार्थनेला सुमारे सहा लाख माणसे जमली. म्हणजे जवळजवळ निम्मा देश. त्या भेटीच्या तयारीत याच परिसरातल्या कित्येक कुटुंबांची घरे पाडली गेली आणि शहरात रस्त्याकडेला विक्री करणाऱ्यांनाही हटवण्यात आले. ही वस्ती सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण होती, असे सरकारचे म्हणणे. कागदावर ते खरेही असेल. पण जिचे घर पडले त्या बाईने जाब कोणाला विचारायचा? पाडकाम करणारे खाते केंद्र सरकारचे, आणि शहराचा कारभार पाहणारा प्रमुखही सरकारनेच नेमलेला. मोहल्ल्याचा, म्हणजे तिथल्या भाषेत ‘सुको’चा, प्रमुख तेवढा लोक निवडतात. त्याच्या हाती ना पैसा, ना घर वाचवण्याचा अधिकार.

20 मे 2002 रोजी हा देश स्वतंत्र झाला. त्यानंतर राष्ट्राध्यक्षाच्या आणि संसदेच्या निवडणुका होत राहिल्या, सत्ता मतपेटीतून एका हातातून दुसऱ्या हातात गेली. नव्या देशाला हे सहज जमत नाही, याचे श्रेय तिमोरी लोकांना द्यायलाच हवे. मात्र लोकांनी निवडलेल्या स्थानिक संस्थांचे आश्वासन त्यांच्या राज्यघटनेतच आहे, आणि नगरपालिकांच्या निवडणुका दोन दशके उलटली तरी पुढेच ढकलल्या गेल्या. दिलीला याची झळ सर्वांत जास्त बसली, कारण वाढले ते दिलीच.

ती वाढ कशी झाली हे पाहिल्याशिवाय ‘अतिक्रमण’ या शब्दाला अर्थ नाही. इंडोनेशियापासून स्वतंत्र व्हायचे का, यावरच्या 1999 च्या सार्वमतानंतर इंडोनेशियाच्या पाठबळावर वावरणाऱ्या सशस्त्र टोळ्यांनी आणि माघारी जाणाऱ्या सैन्याने देश जाळला. सुमारे सत्तर टक्के इमारती आणि सोयी नष्ट झाल्याचे सांगितले जाते. अडीच लाखांच्या आसपास माणसे सीमेपलीकडे पश्चिम तिमोरमध्ये गेली किंवा नेली गेली. परतलेल्यांनी आणि खेड्यांतून आलेल्यांनी दिलीत जे घर उभे दिसले त्यात आसरा घेतला, जिथे मोकळी जागा दिसली तिथे पत्रे ठोकले. रोजगार दिलीतच होता. संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी तिथे होते, इतके की त्यांच्या मुक्कामासाठी बंदरात तरंगते हॉटेल आणून उभे केले होते. शेतात पिकत नव्हते आणि शहरात डॉलर होता. मग माणूस शहरात येणारच. 2004 च्या जनगणनेत दिली जिल्ह्याची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. 2022 मध्ये ती सव्वातीन लाखांच्या आसपास गेली. देशातला जवळपास दर चौथा माणूस आज दिलीत राहतो.

जमीन मात्र कोणाची, हे कोणालाच धड सांगता येत नव्हते. एकाच तुकड्यावर एकाचा वडिलोपार्जित हक्क, दुसऱ्याकडे पोर्तुगीज काळातला कागद, तिसऱ्याकडे इंडोनेशियाच्या काळातला दाखला आणि प्रत्यक्षात 1999 नंतर येऊन राहिलेला चौथा. 2006 मध्ये सैन्यातल्या तंट्यातून शहर पेटले, सुमारे दीड लाख लोक बेघर झाले. तेव्हाही देशाच्या पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे या भांडणाच्या तळाशी घराजमिनीचे जुने वाद होतेच. जमिनीचा कायदा यायला 2017 साल उजाडले. म्हणजे पंधरा वर्षे शहर वाढत राहिले आणि ज्याच्या आधारे कोणी कायदेशीर ठरावे किंवा बेकायदा ठरावे, तो कायदाच नव्हता. अशा ठिकाणी गरिबालाच तेवढे अतिक्रमणकर्ता म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

रोजच्या कारभारात तेच. पाणी आणि वीज सरकारी कंपन्यांकडे, मोठे रस्ते मंत्रालयाकडे, कचरा नेमलेल्या प्रशासनाकडे. शहराला घरपट्टीसारखे स्वतःचे उत्पन्न नाही. पैसा येतो राष्ट्रीय अर्थसंकल्पातून, आणि त्या अर्थसंकल्पाचा फार मोठा भाग 2005 मध्ये उभारलेल्या पेट्रोलियम फंडातून. नागरिक शहराला काही देत नाही, म्हणून शहरही त्याला हिशेब देत नाही. एप्रिल 2021 मध्ये सेरोजा वादळाच्या पावसाने कोमोरो आणि इतर नद्यांचे पाणी वस्त्यांत शिरले, माणसे दगावली, हजारोंना निवाऱ्यात राहावे लागले. वर्षातला बराच काळ कोरड्या असणाऱ्या या नद्यांच्या पात्रालगत घरे वाढताना शेजारच्या प्रत्येकाला दिसत होती. ते ऐकून घेणारे, गटार आणि बांध यांसाठी भांडणारे सभागृह शहरात नव्हते.

सरकारकडून सांगितले जाणारे कारण असे की स्थानिक यंत्रणा अजून तयार नाही, प्रशिक्षित माणसे नाहीत. हिशेबनीस आणि अभियंते कमी आहेत, हे मान्य. पण मतदार तयार नाहीत असे म्हणण्याची सोय नाही. 30 ऑगस्ट 1999 ला बंदुकांच्या धाकाखाली याच लोकांनी 98 टक्क्यांहून अधिक मतदान केले आणि त्यातल्या 78.5 टक्क्यांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. सुकोचे प्रमुख तर ते 2004 पासून निवडत आले आहेत. आणि नगरपालिका चालवायला माणसे तयार होतात ती नगरपालिका चालवूनच.

गोव्याचे उदाहरण इथे परके नाही. 1844 पर्यंत तिमोरचा कारभार गोव्यातूनच चालत असे, आणि पुढेही दोन्हीकडे पोर्तुगीजांचीच सत्ता राहिली. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. तिथेही प्रौढ मतदानाचा अनुभव नव्हता, तयार यंत्रणा नव्हती. तरी 1962 मध्येच गावोगावी पंचायतींच्या निवडणुका झाल्या. विधानसभेची निवडणूक त्यानंतर, 1963 च्या डिसेंबरात. आधी गाव, मग राज्य. पूर्व तिमोरने हा क्रम उलटा लावला आणि अधिकार असलेल्या स्थानिक संस्थांची पायरी आजवर गाठलीच नाही.

स्वातंत्र्यलढ्याचे नेते शनाना गुस्माव आज पुन्हा पंतप्रधान आहेत. ज्या माणसाच्या शब्दावर लोक डोंगरात लढले, त्याला दिलीची निवडणूक घेणे अवघड नाही. ती घ्यावी, आणि सर्वांत आधी दिलीतच घ्यावी. तोवर पर्यायी जागा हाती दिल्याशिवाय तासीतोलूत काय, शहरात कुठेही, आणखी एकही राहते घर पाडू नये.