तिहुआनाची शस्त्रक्रिया आणि अपुरा हिशेब

संपादक महाशय,

गेल्या अंकातील पत्रात, अमेरिकेतील विमा कंपन्या स्थौल्यावरील शस्त्रक्रियेस नकार देत असता सीमेपलीकडे मेक्सिकोतील तिहुआना शहरी तेच काम निम्म्याहून कमी खर्चात होते, असे जे प्रतिपादन केले आहे, त्यातील खर्चाची बाब मला मान्य आहे व तेथील शल्यविशारदांच्या कौशल्याविषयीही माझी तक्रार नाही; आक्षेप आहे तो हिशेबाची वही फार लवकर मिटण्याला.

2019 च्या जानेवारीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तिहुआनाहून शस्त्रक्रिया करून परतलेल्यांत प्रतिजैविकांना सहसा दाद न देणाऱ्या स्यूडोमोनास जंतूचा संसर्ग आढळल्याचा इशारा दिला होता, आणि त्यांतील बहुतेकांची शस्त्रक्रिया वजन उतरविण्याचीच होती. शिवाय, या शस्त्रक्रियेच्या एका प्रकारात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून उरलेल्या नळीवर धातूच्या टाचण्यांची जी शिवण घालतात, ती उसवलीच तर पुष्कळदा रुग्ण घरी पोहोचल्यावर उसवते. तेव्हा ताप चढलेल्या, नाडी धावत असलेल्या त्या माणसाच्या उशाशी उभ्या स्थानिक डॉक्टरास, नेमके काय कापले व कसे जोडले याचा दस्तऐवज मिळू नये, आणि मिळालाच तर तो स्पॅनिशमध्ये असावा, ही अडचण दरपत्रकात कुठे नमूद असते? (विमानतळावरून नेण्याआणण्याची मोटार मात्र अगत्याने असते.) शस्त्रक्रियेनंतरच्या जीवनसत्त्व ब-12 व लोहाच्या तपासण्या तर जन्मभराच्या.

जाऊच नये असे नव्हे. परंतु शस्त्रक्रियेचा संपूर्ण वृत्तांत लेखी देण्याची कबुली आधी घ्यावी व परतल्यावर जबाबदारी पत्करणारा आपल्या गावचा डॉक्टर मुक्रर करावा. तो मिळत नसेल, तर तिकीट काढू नये.

आपला,
एक वाचक