आठशे किलोमीटरचे आयुष्य

घरच्या मोटारीचे तेलपाणी वेळच्या वेळी झाले, तर तिचे इंजिन दीड-दोन लाख किलोमीटर सहज चालते. अमेरिकेतल्या 'स्टॉक कार' शर्यतींतील इंजिनाकडून मात्र एका वेळी जेमतेम आठशे किलोमीटरची अपेक्षा असते. पूर्वी प्रत्येक शर्यत संपली, की ते उतरवून पूर्ण सुटे करत. झिजलेले भाग बदलल्याखेरीज ते पुन्हा धावत नसे.

'नॅस्कार' संस्थेने १९४९ साली ही मालिका सुरू केली, तेव्हा शोरूममध्ये विकायला असलेली मोटारच शर्यतीत उतरत असे. 'स्टॉक' हे नाव त्यावरूनच पडले. आज ही मोटार खास शर्यतीसाठी घडवतात. पण इंजिनाची ठेवण जुन्याच वळणाची आहे. आठ सिलिंडर, क्षमता सुमारे ५.९ लिटर आणि प्रत्येक सिलिंडरला फक्त दोन व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटरदेखील २०११ पर्यंत टिकून होता.

फ्लोरिडातील 'डेटोना ५००' ही शर्यत पाहा. चार किलोमीटरच्या मार्गावर दोनशे फेऱ्या, म्हणजे साधारण साडेतीन तासांचा खेळ. इंजिन मिनिटाला ९,००० वेळा फिरते असे धरले, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो व मिटतो. शर्यतभरात हा आकडा नऊ लाखांवर जातो! हा सारा भार व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर. ती तुटली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो, धुराचा लोट उठतो आणि सर्वांत पुढे असलेला ड्रायव्हरही क्षणात शर्यतीबाहेर फेकला जातो.

मग भाग अधिक जाड का करत नाहीत? कारण जड भाग इतक्या वेगाने हलू शकत नाहीत. ताकद वाढवावी तर आयुष्य घटते, आयुष्य वाढवावे तर वेग.

यात पैशाचाही प्रश्न होताच. पूर्वी श्रीमंत संघ पात्रता फेरीसाठी वेगळे इंजिन आणत. ते मोजक्या फेऱ्या टिकले तरी पुरे! २००२ मध्ये नियम आला : सराव, पात्रता फेरी आणि शर्यत यांसाठी एकच इंजिन, बदलले तर शर्यत सर्वांच्या मागून सुरू करायची. २०१८ पासून तर ठरावीक शर्यतींत इंजिनाच्या खालच्या भागाला सील लावून तोच पुन्हा वापरण्याची सक्ती झाली. खर्चाला लगाम बसावा म्हणून केलेल्या नियमांनी तंत्रज्ञांना टिकाऊपणाचा विचार करायला लावला.

या इंजिनाची एक सवय मात्र घरीही उपयोगी पडेल. ते सुरू करण्यापूर्वी त्याचे तेल गरम करतात, कारण थंड, घट्ट तेल सर्व भागांपर्यंत लवकर पोहोचत नाही. तेव्हा थंडीच्या दिवसांत मोटार सुरू करताच ॲक्सिलरेटर जोरात दाबू नये. घरचे इंजिन दीर्घायुषी ठरते, ते त्याची सारी ताकद आपण क्वचितच मागतो म्हणून.