मक्याचे इथेनॉल : नळ्यांतला क्षार आणि काट्यावरची कपात

तांब्याच्या बंबात वर्षभर बोअरचे पाणी तापवले की आतून पांढरा थर धरतो. मग तेवढ्याच पाण्याला जळण जास्त लागते. मक्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यांचे दुखणे नेमके हेच आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. पाठोपाठ जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये उसावरचे निर्बंध उठले, पण मका या धंद्यात शिरला तो शिरलाच.

एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघते. अल्कोहोल उडवून घेतल्यावर खाली गढूळ पाणी उरते. त्यातला चोथा वेगळा काढतात आणि पातळ भाग इव्हॅपोरेटरमध्ये आटवतात. काकवीसारखा घट्ट झाला की चोथ्यात मिसळून वाळवतात. तेच डीडीजीएस नावाचे पशुखाद्य. या आटवण्याच्या नळ्यांतच थर बसतो. थर बसला की वाफ जास्त, काम कमी. शेवटी कारखाना थांबवून नळ्या धुवाव्या लागतात.

आता मुद्द्याचे. "तुमच्या मालात माती असते, म्हणून आमच्या नळ्या चोंदतात," असे खरेदीदार काट्यावर सांगतो. हे अर्धेच खरे. माती-खड्यांनी पंप झिजतात, गाळ साचतो, हे कबूल. पण इव्हॅपोरेटरमधला कठीण थर बराचसा मक्याच्या स्वतःच्या स्फुरदाचा असतो. दाण्याच्या अंकुरात स्फुरद फायटेट रूपात साठवलेला असतो. दाण्यातले मॅग्नेशियम आणि पाण्यातला चुना यांच्याशी त्याची गाठ पडली की तापलेल्या नळीवर तो चिकटतो. मका धुऊन-पुसून दिला तरी हे चुकत नाही! त्यावर फायटेज एन्झाइम, मऊ केलेले पाणी आणि वेळच्या वेळी कॉस्टिकची धुलाई हे उपाय आहेत, आणि ते कारखान्याने करायचे आहेत. तो खर्च तुमच्या क्विंटलमागे का कापायचा?

सरपंच मंडळींनी एवढेच पाहावे, की नळ्या धुतलेले कॉस्टिकचे पाणी ओढ्याला येत नाही ना. जनावरे तेच पाणी पितात.

आपल्या बाजूने मात्र बोट दाखवायला जागा ठेवू नका. मळणी ताडपत्रीवर करा, चाळणी मारा, ओलावा १४ टक्क्यांवर आणा. ओला माल ढिगात ठेवला तर बुरशी धरते, आणि तिचे विष डीडीजीएसमध्ये जवळपास तिप्पट होऊन कुणाच्या तरी गोठ्यात जाते. २०२५-२६ च्या खरिपाचा हमीभाव २४०० रुपये आहे. त्याखाली कपात सांगितली, तर ओलावा किती, काडीकचरा किती, हे पावतीवर लिहून मागा. "नळ्या चोंदतात" हे कारण पावतीवर कोणी लिहून देणार नाही.